सुमाकच्या उतारावरची परीखान

परीखान आमच्या घरात आली ती खेचरावर बसून, आणि तिच्या पुढेमागे ढोल वाजवणारं कुणी नव्हतं. तिच्या भावाने माझ्या थोरल्या काकांना, बशारला, मारलं होतं. त्या रक्ताची भरपाई म्हणून तिला आमच्याकडे देऊन टाकली. मी तेव्हा जन्मले नव्हते, त्यामुळे हा पहिला भाग मी आईकडून ऐकलेला आहे. पुढचं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

आमचं गाव बिनारे आणि तिचं हेशकान. मधे एक ओढा, आणि ओढ्यावरच्या उतारावर सुमाकची झुडपं. कुणी लावलेली नाहीत, आपली आपण वाढलेली. पण आम्हा डोंगरातल्या लोकांचं पान त्याच्याशिवाय हलत नाही. उन्हाळ्यात पाला ओरबाडून वाळवायचा आणि कुटायचा, तो कातडं कमवायला लागतो. उन्हाळा सरता सरता लाल तुरे कापायचे. त्यांची भरड मांसावर भुरभुरायची, आंबट पाणी काढून त्यात कांद्याच्या पाकळ्यांत भरलेला भात शिजवायचा. पोराला जुलाब लागले तरी तेच पाणी, दाढ सुजली तरी त्याच्याच गुळण्या. माझे आजोबा शमदीन बकऱ्याची कातडी कमावून पाण्याच्या आणि ताकाच्या पखाली करत, त्यांना तर तो पाला पोत्यांनी लागायचा. उतार नक्की कुणाचा, हे तोपर्यंत कुणी ठरवलं नव्हतं. ज्याचा विळा आधी पोचला त्याचा तुरा.

त्या वर्षी बशारकाका आणि परीखानचा भाऊ तेमर एकाच झुडपापाशी आले. तेमरला मिसरूडही धड फुटली नव्हती. बशारकाका त्याला म्हणाला, "तुझ्या आईला पाठव, तिला आमच्या झुडपात शिरायची सवय आहे." तेमरने हातातला विळा फिरवला. तो मांडीत बसला. माणसं धावत येईपर्यंत बशारकाकाचं सगळं रक्त त्या उताराने पिऊन टाकलं होतं.

दोन्ही गावच्या बंदुका निघाल्या. तेव्हा बगदादला राजा होता म्हणतात, पण आमच्याकडे त्याचा शिपाई कधी फिरकला तर नवल. आगा म्हणजे टोळीचा सरदार, त्याने आणि मुल्लाजींनी मधे पडून निवाडा केला. उतार बिनाऱ्याचा. तेमरने डोंगर सोडायचा आणि पुन्हा त्या उतारावर पाय ठेवायचा नाही. आणि त्याची बहीण बशारच्या घरात द्यायची, धाकट्या भावाला, म्हणजे चतोकाकाला. परीखान तेव्हा बाहुल्यांचं वय नुकतंच ओलांडलेली पोर होती. निवाडा झाला तेव्हा ती घरात पीठ मळत होती असं ती सांगायची. मळलेल्या पिठाची भाकरी कुणी खाल्ली ते तिला कळलं नाही.

माझी आजी ऐशान दारात उभी होती. तिने सुनेला पाणी विचारलं नाही. बशारकाकाची रक्ताने वाळून कडक झालेली तुमान तिच्या अंगावर टाकली आणि म्हणाली, धू. परीखानने ती ओढ्यावर नेऊन धुतली, राख लावून घासली, पुन्हा धुतली. डाग राहिला. आजीने डाग पाहिला आणि कपडे बडवायचं लाकूड घेऊन तिला बडवली. आमच्या घरात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. 'हेशकानची' म्हणत. हेशकानची, चूल पेटव. हेशकानची, शेण काढ.

चतोकाका बाहेर हसतमुख माणूस होता. लग्नात हात धरून नाचायला सगळ्यांच्या पुढे. मला खांद्यावर बसवून त्याने कितीदा जत्रेला नेलंय. हे मी सांगितलं नाही तर खोटं ठरेल. पण गावातले दोस्त त्याला डिवचायचे. भावाच्या रक्ताच्या बदल्यात बायको मिळाली, सौदा बरा जमला रे, असं म्हणायचे. तो त्यांच्यासोबत हसायचा आणि घरी येऊन पट्टा काढायचा. आजी वरून म्हणायची, "घागऱ्याच्या बदल्यात भाऊ विकलास, आता घागऱ्याला तरी धाकात ठेव." परीखानचं पहिलं मूल पोटातच गेलं, लाथेने. दुसरंही तसंच. त्या दुसऱ्या वेळी रक्त थांबेना. माझ्या आईने तिला सुमाकचा घट्ट काढा पाजला, पाय उशीवर घेऊन बसली. ती वाचली. त्यानंतर तिची कूस उजवली नाही.

त्यानंतर एका सकाळी आजोबा आजीला म्हणाले, "हिला मी हौदावर नेतो. मला हात कमी पडतात." एवढंच. मुलाला ते कधी काही बोलले नाहीत. परीखान पुढे मला म्हणाली होती, "म्हातारा वाईट नव्हता, गुले. पण वाईट नसून मला काय फायदा?"

हौद ओढ्याच्या काठी होते, दगडात खोदलेले. तिथला वास असा की बायका वाट वाकडी करून पाणी आणायच्या. परीखानला त्याचं काही वाटत नसे. उलट त्या वासामुळे तिकडे कुणी येत नाही, हेच तिला बरं वाटायचं. चुन्यातून काढलेलं कातडं लाकडावर टाकून ती दोन्ही हातांनी खरवडायची. मग कुटलेला पाला पाण्यात कालवून त्यात कातडी बुडवायची आणि घागरा खोचून हौदात उतरून तुडवायची. उन्हाळा असो की ओढ्याच्या कडेला बर्फ असो. तिचे पाय पोटरीपर्यंत तपकिरी झाले, दंड पुरुषासारखे भरले. तिची पखाल ओघळत नाही हे हळूहळू चार गावांना कळलं. कातडी विकत घ्यायला येणारा माणूस 'हेशकानचीची' पखाल मागायचा. आजोबांना याचा अभिमान होता. चतोकाकाला तो टोचायचा.

मी लग्नाच्या वयाला आले त्या वसंतात चतोकाकाने तिचा हात मोडला. कारण असं काही मोठं नव्हतं. तो म्हणाला, पखालीचं तोंड वाकडं शिवलंस. ती म्हणाली, वाकडं असेल तर तुम्ही शिवा. एवढ्या वर्षांत तिने दिलेलं ते पहिलं उत्तर. त्याने तिचा हात दाराच्या चौकटीत धरून दार ओढलं. हाडाचा आवाज मी शेजारच्या खोलीत ऐकला. आईने काठ्या लावून हात बांधला. माझे वडील मिस्तो, चतोकाकाचे धाकटे भाऊ, अंगणात येऊन त्याला म्हणाले की आता पुरे. चतोकाकाने त्यांना विचारलं, बशार तुझा भाऊ नव्हता का? वडील माघारी फिरले. आमच्या घरात या प्रश्नापुढे सगळे गप्प व्हायचे.

कातडीच्या व्यापाऱ्याने ती बातमी खाली मैदानी मुलखात नेली. तेमर तिथे विटांच्या भट्टीवर काम करायचा, त्याला बायको होती आणि झारे नावाची लहान मुलगी होती.

सुमाकचे तुरे कापायचे दिवस आले. आम्ही बायका उतारावर होतो, टोपल्या अर्ध्या भरल्या होत्या. परीखानचा हात जुळला होता, पण कोपराला बाक राहिला होता, त्यामुळे ती विळा डाव्या हातात धरायची. माझे वडील खाली ओढ्यावर खेचरांपाशी होते. चतोकाका वर खडकावर बंदूक घेऊन राखणीला बसला होता.

हेशकानच्या बाजूने एक माणूस झुडपांतून खाली आला. केस पांढरट, चेहरा भट्टीने भाजलेला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. परीखानने मात्र त्याला चालण्यावरून ओळखलं आणि तिच्या हातातला तुरा खाली पडला.

"परी," तो म्हणाला, "चल."

"कुठं?"

"माझ्या घरी. मी तुला न्यायला आलोय."

"तू इथं पाय ठेवायचा नाहीस असं ठरलंय, तेमर. आल्या वाटेने माघारी जा."

"आधी हात दाखव."

तिने हात पाठीमागे घेतला. "हात बरा आहे. त्या दिवशी विळा उचलताना तू मला विचारलं नाहीस. आजही न विचारता आलास. जा आता, मी पाया पडते तुझ्या."

वरून चतोकाकाचा आवाज आला. तो खडकावर उभा राहिला होता आणि हसत होता, जत्रेत हसायचा तसाच. "मेव्हणे आले का? इतक्या वर्षांनी आले आणि बिनपाहुणचाराचे निघाले?"

तेमर त्याच्याकडे वळला. "बायकांचे हात मोडतोस म्हणे. माझा मोडून बघ."

चतोकाकाने बंदूक झाडली.

गोळी तेमरच्या कुशीत लागली. तो गुडघ्यावर बसला, मग कुणाच्या तरी टोपलीतला विळा उचलून वर चढू लागला. मी एवढ्या जवळून माणूस जखमी झालेला पाहिला नव्हता. मला वाटायचं, गोळी लागली की माणूस पडतो. तो पडला नाही. चतोकाकाची बंदूक एकनळी, दुसरं काडतूस अजून भरून व्हायचं होतं. तेमर त्याच्यापर्यंत पोचला आणि त्याने गुडघ्याच्या वर विळा घातला, उपसला आणि पुन्हा घातला. दोघं एकमेकांना धरून खडकावरून झुडपांत कोसळले. तिथेही ते एकमेकांना चावत होते, बोचकारत होते. मग दोघांचीही ताकद संपली.

बायका ओरडत खाली पळाल्या. परीखान वर पळाली आणि पळता पळता तिने माझा दंड धरला.

आम्ही पोचलो तेव्हा चतोकाकाच्या पायातून रक्त वाहत होतं आणि तेमर कुशीवर हात दाबून पडला होता. परीखानने डोक्यावरचा रुमाल फाडला. जेवणाच्या गाठोड्यात सुमाकची भरड होती, भाकरीबरोबर खायला आणलेली. ती तिने दगडावर ओतली आणि मला म्हणाली, पाला ओरबाड, दगडावर ठेच, भराभर. मी ठेचला. तिने तो लगदा चतोकाकाच्या जखमेत बोटांनी कोंबला, त्याचाच पट्टा काढून मांडीला आवळला. तो किंचाळला. तिने मला त्याच्या मांडीवर गुडघा रोवायला लावला आणि स्वतः भावाच्या कुशीवर दोन्ही तळहात ठेवून सगळा भार टाकला.

मी रडत विचारलं, "काकू, याला कशाला वाचवतेस? याने तुला..."

"नीट ऐक," ती म्हणाली. तिचा आवाज हौदावर काम सांगताना असायचा तसाच होता. "हा मेला तर माझ्या भावाची झारे तुमच्या घरात आणतील. तो मेला तर तुमच्या घरची मुलगी हेशकानला नेतील. तुमच्या घरात मुलगी कोण आहे?"

आमच्या घरात मुलगी एकच होती.

"कळलं ना? मग दाब."

मी दाबलं. माझ्या गुडघ्याखाली काकाची नाडी उडत होती. चतोकाका शुद्धीवर होता. तो परीखानकडे बघत म्हणाला, "मरू दे मला. तुला बरंच होईल."

"बरंच होईल," ती म्हणाली. "पण तुम्ही फुकट मरणार नाही. गप्प पडा."

मग माझे वडील आणि बाकीचे पुरुष आले. कुणीतरी तेमरवर बंदूक रोखली. ओढ्याकडून आजोबा काठी टेकत चढत आले, दम खात उभे राहिले आणि त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बोलणं होतं. ते म्हणाले, याला माझ्या घरी उचला, माझ्या छपराखाली आला की तो पाहुणा, पाहुण्याला हात लावणाऱ्याला मी पोटचा असला तरी ओळखणार नाही. आपल्या थोरल्या मुलाला मारणाऱ्याला त्यांनी असं घरात घेतलं.

एका खोलीत चतोकाका, दुसऱ्या खोलीत तेमर. परीखान दोन्हीकडे जायची. सुमाकच्या कोमट पाण्याने जखमा धुवायची. ते पाणी झोंबतं, आणि चतोकाका तिला शिव्या घालायचा. ती धुवत राहायची. तेमरला गोळी आत राहिल्याने ताप होता, पण रक्त थांबलं होतं. तो बहिणीला झारेबद्दल सांगायचा, की ती विटांची घरं करते आणि कुणाला आत येऊ देत नाही. एकदा तो खूप वेळ तिच्या पायांकडे बघत होता. मग म्हणाला, "आपली आई असती तर तिने तुला ओळखलं नसतं." ती म्हणाली, मीच मला ओळखत नाही, तू कशाला तिला मधे आणतोस. दोघंही हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आजी या सगळ्या दिवसांत काही बोलली नव्हती. भाकरी थापायची, नमाज पढायची. आम्हाला वाटलं, नवऱ्याचा शब्द तिने मानला.

एका दुपारी परीखान चिंध्या धुवायला ओढ्यावर गेली. मी तंदूरपाशी होते. आतून एक बारीक आवाज आला, भांडं घासल्यासारखा. मी आत गेले. आजी तेमरच्या उशाशी मांडी घालून बसली होती. त्याची सगळी पट्टी तिने सोडली होती, जखमेत भरलेला बोळा उपसून काढला होता, आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भिजले होते. तेमरला तिला ढकलण्याइतकी ताकद नव्हती. त्याची टाच जमिनीवर घासत होती, तोच तो आवाज.

आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या बशारलाही कुणी बांधलं नव्हतं."

मी धावत जाऊन जखमेवर हात दाबले, पण मला परीखानचा जोर कुठला. ती आली तेव्हा तो गेला होता. तिने त्याचे डोळे मिटले. मग आजीला केसांना धरून अंगणात ओढत नेलं. ज्या दगडी उखळात आम्ही सुमाक कुटायचो तिथे नेऊन टाकलं आणि मुसळ उचललं. माझी आई, मी, आम्ही कुणी हललो नाही. मला वाटलं, आता डोकं फुटणार. आजीलाही तेच वाटलं असणार, कारण तिने डोळे मिटून कलमा सुरू केला. परीखानने तिचा उजवा हात दगडावर ठेवला आणि त्यावर मुसळ घातलं. एकदाच. मग मुसळ बाजूला ठेवून ती माझ्या आईला म्हणाली, "हिचा हात बांध. मला जमणार नाही."

तेमरला हेशकानला पुरलं आणि लगेच दोन्ही गावं मशिदीच्या अंगणात जमली. आम्ही बायका भिंतीआड. तेमरचे चुलतभाऊ बंदुका घेऊन आले होते, त्यातला थोरला खिदर बोलत होता. त्याने सरळ मला मागितलं, त्याच्या विधुर भावासाठी. माझ्या वडिलांनी उठून सांगितलं की मुलीऐवजी मला गोळी घाला, मी इथेच उभा आहे. खिदर म्हणाला, तू बाप म्हणून बोलतोस, आमच्या मुलीच्या वेळी तू काही बोलला नव्हतास. माझ्या वडिलांना खाली बसावं लागलं.

मग आजोबा उठले. त्यांनी काही लपवलं नाही. माझ्या छपराखाली पाहुणा मेला, माझ्या बायकोच्या हाताने मेला, माझी दाढी, माझी अब्रू, आता तुमच्या हातात आहे, असं म्हणून त्यांनी पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. भिंतीआड माझ्या आईने माझा हात घट्ट धरला. आम्हा दोघींना वाटलं, संपलं.

मुल्लाजींनी त्यांच्या रीतीप्रमाणे विचारलं की मेलेल्याचे वारस कोण. बायको आहे, मुलगी आहे, असं कुणी सांगितलं. सख्खी बहीणही आहे, असं माझी आई भिंतीआडून मोठ्याने म्हणाली. ती पुरुषांच्या बैठकीत बोलली हे तिला स्वतःलाही नंतर खरं वाटेना. मुल्लाजींनी बोटांवर वारस मोजले. मग म्हणाले, मुलगी आणि सख्खी बहीण असताना चुलतभावांचा हक्क येत नाही. रक्त त्या बायकांचं आहे. मुलगी लहान, तिची आई इथे नाही, तेव्हा बहिणीला विचारलं पाहिजे.

परीखान भिंतीआडून बाहेर गेली. हौदावरचेच कपडे होते अंगावर. पुरुषांनी नाकाला रुमाल लावले.

"माफ करतेस का?" मुल्लाजींनी विचारलं.

"नाही."

"मग जीव मागतेस?"

"जीव नको. मुलगीही नको. चतोने मला मोकळं करावं आणि हा डोंगर सोडावा, माझ्या भावाला सोडायला लावला तसा. त्याच्या आईनेही जावं. मी हौदावर राहीन. यापुढे माझ्यावर कुणी हक्क सांगायचा नाही, या गावाने नाही आणि त्या गावानेही नाही."

खिदर उसळला. "बाईच्या शब्दावर रक्त सोडायचं आम्ही?"

परीखान त्याच्याकडे वळली. "मला खेचरावर कुणी बसवलं, खिदर? लगाम तुझ्या हातात होता. मी खाली उडी मारली तर तू मला दोरीने बांधलंस. तेव्हा तुला रक्ताच्या जागी बाई चालली. आज तिचा शब्द चालवून घे."

आगाने मुल्लाजींकडे पाहिलं, मुल्लाजींनी मान डोलावली.

चतोकाकाने बसल्या जागेवरून तीनदा तलाक म्हटलं. त्याचा पाय गुडघ्यातून आखडला होता, त्याला खेचरावर उचलून बसवावं लागलं. मागे आजी, गळ्यात हात बांधलेला. जाताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी रडले. परीखानने ते पाहिलं.

पुढच्या वसंतात मैदानी मुलखाच्या वाटेवरच्या झऱ्यापाशी चतोकाका सापडला, पाठीत गोळी. खिदरच्या माणसांनी मारलं हे सगळ्यांना माहीत होतं. वडील हौदावर गेले, मी त्यांच्या मागोमाग होते. त्यांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही पाठवलं होतं का त्यांना?"

ती हौदात उभी होती. "मी पाठवलं नाही. पण रडणारही नाही."

वडिलांनी घरी येऊन बंदूक काढली, तिला तेल पाजलं, नळीतून बघितलं. संध्याकाळपर्यंत ती मांडीवर घेऊन बसले. मग पुन्हा खुंटीला टांगली. आईने त्यांना त्या दिवशी स्वतःच्या हाताने घास भरवला.

आजी परत आली. तिला दुसरीकडे कुठे जागा नव्हती. दारात उभी राहिली, तो उजवा हात पंज्यापासून वाळून गेलेला. आजोबा अंथरुणाला खिळले होते, त्यांनी तोंड फिरवलं. परीखानने हौदावरून भाकरी आणि ताक आणून तिच्या डाव्या हाताशी ठेवलं. त्यानंतर बरीच वर्षं त्या एकमेकींच्या नजरेसमोर जगल्या. त्यांच्यात एक शब्द झाला नाही. आजी मेली तेव्हा अंघोळ घालायला परीखान गेली नाही, पण पाणी तिनेच तापवलं.

तेमरच्या बायकोने दुसरं लग्न केलं आणि झारे परीखानकडे आली. पोरगी भयंकर तोंडाळ. वासाला नावं ठेवायची, आत्याच्या पायांना 'मधमाशांचं पोळं' म्हणायची. परीखान तिला म्हणायची, "तुझा बाप कमी बोलला असता तर जगला असता." झारे म्हणायची, "आणि तू जास्त बोलली असतीस तर तुझा हात सरळ असता." मी हे ऐकून दचकले होते. परीखान मात्र पोट धरून हसली. झारेने हौद घेतला, आणि तिने केलेल्या पखाली आत्यापेक्षा चांगल्या होत्या, हे आत्याने स्वतः कबूल केलं.

माझं लग्न आक्रे शहरात झालं, माणूस मला पसंत होता. परीखान गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. मी पोचले तर जनाजा अंगणात होता आणि हेशकानचे पुरुषही आले होते. आमची मुलगी, आमच्या कबरस्तानात नेऊ, असं ते म्हणत होते. बिनाऱ्याचे म्हणत होते, तिचं आयुष्य इथे गेलं, ती आमची. खिदरचा मुलगा आणि आमच्या भावकीतला एकजण जनाज्याचे दांडे धरून एकमेकांना ढकलत होते. एकाचा हात कमरेच्या खंजिरावर गेलेला मी पाहिला.

झारे घरातून बाहेर आली. हातात कातडं खरवडायची सुरी होती, तिला ती खाली ठेवायचं सुचलं नसावं. "जिवंत होती तेव्हा तिच्याजवळून जाताना नाकाला रुमाल लावायचात," ती म्हणाली. "तिने सांगून ठेवलंय, दोन्हीकडे नाही. हौदाच्या वरच्या अंगाला खड्डा खणून तयार आहे, मिस्तोकाकांनी खणलाय. खांदा द्यायचा असेल त्याने गप्प द्यावा. नाहीतर दांडे सोडा, आम्ही बायका नेतो."

दांडे कुणी सोडले नाहीत. दोन्ही गावचे पुरुष, एकमेकांकडे न बघता, तिला घेऊन ओढ्याकडे उतरले. माझे वडील खड्ड्यापाशी फावड्यावर रेलून उभे होते, म्हातारे, मातीने माखलेले, आणि लांबूनच त्यांना ओरडून सांगत होते की सावकाश या, वाट निसरडी आहे.